आपत्तीनंतर अमेरिकन शहराला संघीय अनुदान कसं मिळतं: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

अमेरिकेत चक्रीवादळ किंवा पूर येऊन गेला की काही काळानं बातमी येते, ‘राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर केली.’ लोकांना वाटतं, आता शहराच्या खात्यात पैसा आला. प्रत्यक्षात त्या घोषणेनं फक्त अर्ज करायची मुभा मिळते. शहरानं आधी आपल्या तिजोरीतून खर्च करायचा, त्याचा हिशेब द्यायचा आणि मग परतफेड मागायची, अशी ही व्यवस्था आहे. परतफेड कागद पाहून होते, नुकसान किती भीषण होतं यावर नाही. टेक्सास, न्यू जर्सी, फ्लोरिडा इथल्या शहरांच्या वित्त, अभियांत्रिकी किंवा नियोजन विभागांत आणि सल्लागार कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी मंडळींना ही माहिती उपयोगी पडेल. ज्यांच्या गावातलं वाचनालय किंवा बाग पुरानंतर अजून बंदच आहे, त्यांनाही हे घोंगडं का भिजत पडलंय ते कळेल.

पैशाच्या दोन वाटा

पहिली वाट फेमाच्या, म्हणजे संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, ‘पब्लिक असिस्टन्स’ कार्यक्रमाची. तिचा आधार १९८८ चा स्टॅफर्ड कायदा. पात्र खर्चातला किमान ७५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं, उरलेला राज्य आणि शहर मिळून. आपल्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतही केंद्राचा वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ७५ टक्केच आहे, पण तो निधी राज्याकडे आधी जमा होतो. इथे उलटा क्रम आहे आणि लहान शहरांची दमछाक त्यामुळेच होते. तातडीच्या कामांसाठी फेमानं मान्य केलेल्या अंदाजी खर्चाची निम्मी रक्कम लवकर मिळवून देणारा ‘एक्स्पिडायटेड’ प्रकल्प मागता येतो. तो पहिल्या आठवड्यातच मागावा.

दुसरी वाट हड, म्हणजे गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याच्या सीडीबीजी-डीआर (आपत्तीतून सावरण्यासाठीचं सामुदायिक विकास अनुदान) निधीची. हा निधी दरवर्षी तयार नसतो. काँग्रेसनं खास तरतूद केली तरच येतो, तोही बऱ्याच महिन्यांनी. फेमाचा पैसा मुख्यतः सार्वजनिक मालमत्ता पूर्ववत करण्यासाठी असतो, हडचा पैसा घरं, पायाभूत सुविधा आणि स्थानिक अर्थव्यवस्था यांच्या उरलेल्या गरजांसाठी. फेमा अनुदान राज्याला देतं आणि शहर त्याखालचं उपलाभार्थी असतं. त्यामुळे शहराचा रोजचा संबंध राज्याच्या आपत्ती विभागाशीच येतो. हडचा निधी कधी राज्यामार्फत, कधी थेट शहराला मिळतो.

पात्रता: चार प्रश्न, याच क्रमानं

अर्जदार पात्र आहे का? मालमत्ता पात्र आहे का? काम पात्र आहे का? खर्च पात्र आहे का? शहर सरकार अर्जदार म्हणून पात्र असतंच, तेव्हा पहिला प्रश्न लगेच सुटतो.

दुसऱ्यात घोडं पेंड खातं. मालमत्तेची कायदेशीर जबाबदारी शहराचीच आहे हे दाखवावं लागतं. इमारत भाड्यानं घेतलेली असेल, तर दुरुस्ती कोणी करायची हे सांगणारा आपत्तीपूर्व करार हवा. रस्त्यांचं तर विशेष बघावं. संघीय मदतीच्या यादीतल्या रस्त्यांची कायमची दुरुस्ती फेमा करत नाही, ते काम फेडरल हायवे प्रशासनाच्या आपत्कालीन कार्यक्रमाचं. यादी न तपासता सगळे रस्ते एकाच अर्जात घातले, तर महिन्यांची मेहनत वाया जाते.

काम पात्र ठरायला तीन गोष्टी लागतात. नुकसान जाहीर झालेल्या आपत्तीनंच झालेलं असावं, ते जाहीर झालेल्या भागात असावं आणि जबाबदारी शहराची असावी. पुराआधीच खचलेला पूल या दाव्यात बसत नाही. म्हणून देखभालीच्या नोंदी, तपासणीचे अहवाल आणि जुने फोटो फार मोलाचे. पावसाळ्याआधी गटारं साफ केल्याची साधी वर्क ऑर्डरसुद्धा पुढे दावा वाचवू शकते.

कामांचे ए ते जी असे सात वर्ग आहेत. पहिले दोन, म्हणजे ढिगारा उचलणं आणि तातडीची संरक्षक कामं, ही पुरी करायची मुदत घोषणेपासून ६ महिने. रस्ते-पूल, पाण्याच्या नियंत्रणाची कामं, इमारती-उपकरणं, पाणी-वीज-सांडपाणी आणि बागा-क्रीडांगणं ही कायमची कामं, त्यांना १८ महिने. राज्य आपल्या अधिकारात पहिल्या प्रकाराला आणखी ६ आणि दुसऱ्याला आणखी ३० महिने वाढवून देऊ शकतं, पण अर्ज मुदत संपण्याआधी आणि कारणासह हवा.

अर्जाची पायरी-पायरी

काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव घोषणेत आल्यापासून ३० दिवसांत ‘रिक्वेस्ट फॉर पब्लिक असिस्टन्स’ हा अर्ज फेमाच्या ग्रँट्स पोर्टलवर भरायचा. फॉर्म छोटा आहे, मुदत कडक. त्याआधी सॅम डॉट गव्ह या संघीय नोंदणीच्या संकेतस्थळावर शहराची नोंदणी चालू आहे का ते पाहून ठेवा. संस्थेची ओळख म्हणून २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाऐवजी यूईआय क्रमांक लागतो.

पुढे फेमाचा नेमून दिलेला अधिकारी ‘रिकव्हरी स्कोपिंग मीटिंग’ घेतो. त्या दिवसापासून ६० दिवसांत सगळ्या नुकसानीची यादी द्यायची असते. यादीत नसलेलं नुकसान नंतर घुसवणं फार अवघड, म्हणून शंका असली तरी नोंद करा. नंतर काढून टाकता येते. मग जागेवर पाहणी होते, आपल्या पंचनाम्यासारखी: लांबी, रुंदी, खोली, साहित्य, अक्षांश-रेखांश. त्यावरून कामाचं स्वरूप आणि खर्च ठरतो, पर्यावरण आणि ऐतिहासिक वारशाची छाननी होते आणि शेवटी निधी मंजूर होतो. ही छाननी होण्याआधी कायमच्या बांधकामाला हात लावू नका. एवढ्या एका कारणानं अख्खा प्रकल्प नाकारला जाऊ शकतो.

इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च नव्यानं बांधायच्या खर्चाच्या ५० टक्क्यांहून जास्त असेल, तर पुनर्बांधणी मागता येते. शिवाय त्याच प्रकल्पात पुढच्या पुरासाठी मजबुतीकरण, उदाहरणार्थ पंप उंचावर बसवणं किंवा मोठी मोरी घालणं, स्टॅफर्ड कायद्याच्या कलम ४०६ खाली जोडता येतं. बरीच शहरं हे मागतच नाहीत आणि दहा वर्षांनी तीच मोरी पुन्हा वाहून जाते. अर्जाच्या वेळी अभियंत्याला टेबलावर बसवा.

लहान-मोठ्या प्रकल्पांतला फरकही लक्षात घ्या. २०२२ मध्ये या दोहोंमधली खर्चाची मर्यादा १० लाख डॉलर झाली आणि ती दरवर्षी महागाईप्रमाणे बदलते. त्याखालच्या प्रकल्पांना अंदाजावर पैसे मिळतात, वरच्यांना प्रत्यक्ष खर्चावर. फेमाची नियमपुस्तिका कोणती लागू, हे घोषणेच्या तारखेवर ठरतं: ६ जानेवारी २०२५ पासूनच्या आपत्तींना पाचवी आवृत्ती, त्याआधीच्यांना जुन्या.

कागदपत्रं: खरी लढाई इथे

ढिगारा उचलण्याचं उदाहरण घेऊ, कारण मोठ्या वादळानंतर शहराचं सर्वांत मोठं बिल बहुधा याचंच असतं. ठेकेदाराचा प्रत्येक ट्रक आधी मोजला जातो आणि त्याची क्षमता घनयार्डांत पाटीवर लिहून ट्रकला लावतात. झाडं, फर्निचर, गाद्या भरताना तिथला मॉनिटर, म्हणजे देखरेखीला नेमलेला माणूस, लोड तिकीट फाडतो: तिकीट क्रमांक, ट्रक क्रमांक, उचलल्याचा पत्ता, वेळ, ढिगाऱ्याचा प्रकार. ट्रक टाकण्याच्या जागी पोचला की मचाणावरचा दुसरा मॉनिटर वरून डोकावून ट्रक किती टक्के भरलाय ते लिहितो आणि सही करतो. पैसे त्या तिकिटावर मिळतात. सही राहिली, पत्त्याच्या जागी नुसतं ‘पूर्व भाग’ लिहिलं किंवा पाटीवरची क्षमता जुळली नाही, तर ती फेरी शहराच्या खिशातून जाते. अशा हजारो फेऱ्या असतात. झाडांचंही तसंच: धोकादायक झाड पात्र ठरायला जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा व्यास किमान ६ इंच हवा आणि त्याचा मोजपट्टीसकट फोटो हवा. खासगी जागेतला ढिगारा उचलायचा असेल तर फेमाची परवानगी आधी घ्यावी लागते.

शहराचे स्वतःचे कर्मचारी राबले असतील तर तातडीच्या कामांत अर्थसंकल्पातल्या कायम कर्मचाऱ्यांचा फक्त जादा वेळ धरला जातो, नेहमीचे तास नाहीत. टाइमशीटवर नुसतं ‘वादळ ड्यूटी’ चालत नाही. कोण, कुठे, काय, किती वाजल्यापासून, कोणतं यंत्र घेऊन, हे सगळं हवं. ओव्हरटाइमचं धोरण आपत्तीआधीच लेखी असावं. यंत्रांचे दर फेमाच्या दरपत्रकातून तासाप्रमाणे लावता येतात.

स्वयंसेवकांच्या हजेरीचा कागद जपून ठेवा. तातडीच्या कामांत त्यांनी दिलेल्या तासांचं मोल शहराच्या वाट्यात धरता येतं. वाळूची पोती भरणाऱ्या शंभर जणांचं नाव-वेळ कोणी लिहिलंच नाही, म्हणून तो आधार हातचा जातो.

खरेदीचे नियम हा दुसरा खड्डा. २ सीएफआर २०० या संघीय नियमसंहितेतले नियम शहराला लागू आहेत: स्पर्धा हवी, किमतीचं विश्लेषण हवं, खर्चावर टक्केवारीनं नफा देणारा करार पूर्ण निषिद्ध. तासावर आधारलेला करार दुसरा पर्याय नसेल तरच चालतो, त्यातही कमाल रक्कम ठरवावी लागते. अगदी पहिल्या दिवसांत निविदेशिवाय काम देता येतं, पण ती आणीबाणी किती दिवस चालली हे लेखी मांडावं लागतं. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ढिगारा आणि मॉनिटरिंगचे करार हंगामाआधीच निविदा काढून तयार ठेवणं.

विम्याची पॉलिसी आणि दाव्याचा निकाल सोबत जोडावा लागतो, कारण विम्यानं दिलेलं फेमा पुन्हा देत नाही. घोषित पूरक्षेत्रातल्या इमारतीचा पूरविमाच नसेल, तरी राष्ट्रीय पूरविम्यातून जे मिळालं असतं ते वजा होतं, इमारतीसाठी ५ लाख आणि सामानासाठी ५ लाख डॉलरपर्यंत. अनुदान घेतल्यावर विमा चालू ठेवायचं बंधनही येतं.

हडच्या निधीचं गणित वेगळं

इथे अर्ज म्हणजे कृती आराखडा. फेमा, विमा, एसबीए (संघीय लघुउद्योग प्रशासन) कर्ज हे सगळं वजा करून उरलेली गरज आकड्यांनी दाखवायची, मसुदा लोकांसमोर ठेवायचा, साधारण ३० दिवस हरकती-सूचना घ्यायच्या आणि मग हडकडे पाठवायचा. एकूण निधीपैकी बहुधा ७० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडलाच पाहिजे, म्हणजे भागातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ८० टक्क्यांखालच्या कुटुंबांना. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा, खर्चाला साधारण ६ वर्षांची मुदत.

जनसुनावणी हा उपचार नव्हे, हे ह्यूस्टननं दाखवलं. मे २०२४ चं डेरेचो (सरळ रेषेतल्या सोसाट्याच्या वाऱ्यांचं) वादळ आणि जुलैमधलं बेरिल चक्रीवादळ यांच्यासाठी शहराला थेट ३१ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. शहराच्या पहिल्या मसुद्यात घरांच्या दुरुस्तीसाठी काहीच नव्हतं. नागरिकांनी आणि संस्थांनी आवाज उठवल्यावर ५ कोटी डॉलर घरांकडे वळवले गेले. तिथल्या मराठी रहिवाशांनाही या टप्प्यावर लेखी सूचना देता येते. त्याच शहराला हार्वे चक्रीवादळाच्या वेळी दुसरा धडा मिळाला होता: २०२० मध्ये काम संथ चाललंय म्हणून राज्याच्या जनरल लँड ऑफिसनं घरांचा कार्यक्रम आपल्याकडे घ्यायचं ठरवलं आणि वाद कोर्टापर्यंत गेला.

सीडीबीजी-डीआरमधून फेमाचा स्थानिक वाटा भरता येतो, आणि ही मोठी सोय आहे. पण मग त्या प्रकल्पाला हडचे नियमही लागतात, जसे २,००० डॉलरवरच्या बांधकाम करारांना डेव्हिस-बेकन कायद्याचे किमान मजुरीदर. फेमाच्या कामाला ते एरवी सहसा लागत नाहीत. म्हणून हा निर्णय निविदा काढण्याआधीच घ्या. नंतर घेतला तर ठेकेदाराच्या जुन्या पगारपत्रकांनी ती अट पुरी होत नाही.

नाकारलं तर, आणि शेवटचा हिशेब

फेमाचा निर्णय हातात आल्यापासून ६० दिवसांत राज्यामार्फत अपील करता येतं. पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं अपील, किंवा वादातली रक्कम ५ लाख डॉलरहून जास्त असेल तर लवाद. ग्रामीण भागासाठी ही मर्यादा १ लाख. अपिलात नियमाचं कलम आणि मूळ कागद जोडा. लोकांचे हाल कितीही खरे असले तरी निकाल त्यावर लागत नाही.

वर्षभरात संघीय खर्च १० लाख डॉलर झाला, तर सिंगल ऑडिट, म्हणजे सगळ्या संघीय पैशाचं एकत्र लेखापरीक्षण, अनिवार्य आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून ही मर्यादा ७.५ लाखांवरून वाढली. शहराचा स्वतःचा व्यवस्थापन खर्च फेमाच्या प्रकल्पांत ५ टक्क्यांपर्यंत मिळतो, तेव्हा त्यातून निदान एक माणूस पूर्ण वेळ या कामाला लावा. काम संपल्यावर राज्यानं प्रमाणित केलेला अंतिम खर्च अहवाल फेमाकडे गेल्यापासून किमान ३ वर्षं सगळे कागद जपायचे असतात, आणि तोवर आपत्तीला आठ-दहा वर्षं उलटलेली असू शकतात. तिकिटं भरणारा मॉनिटर नोकरी सोडून गेलेला असतो, वित्त संचालक बदललेला असतो. म्हणून फाइल प्रकल्प क्रमांकानं लावा, स्कॅन प्रती शहराच्या सर्व्हरवर ठेवा आणि प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये सर्वांत वर एका पानावर लिहून ठेवा: काय मोडलं, काय केलं, किती खर्च झाला आणि त्याचा पुरावा कुठल्या पानावर आहे.