मोकळी जागा, झाडे आणि पाऊस

‘शहरातल्या मोकळ्या जागांवर घरे झाली, झाडे गेली, म्हणून पाऊस रुसला’ असे मराठवाड्यात, विशेषतः २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्याचा दाखला देत, सांगितले जाते. ते बरोबर नाही. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, आणि चार-दोन एकरांवरच्या झाडीने मान्सूनच्या बाष्पात फरक पडत नाही. झाडांचा शहराला होणारा उपयोग वेगळा, आणि माझ्या मते अधिक रोकडा आहे: मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या खोलीतून निघून शेजारच्या कडुनिंबाखाली उभे राहिले की तो अंगालाच कळतो. तेव्हा घरांना विरोध करताना पावसाचा आधार घेऊ नये, मात्र ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये (जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या आराखड्यात) साधारणपणे १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, आणि ती ओस दिसली तरी घरांसाठी शिल्लक राहिलेली नसते.