ट्रेनिंगमधून वर्षभर आफ्रिकेत: एनएचएसच्या सर्जिकल ट्रेनींसाठी ओओपीचा अर्ज

ब्रिटनमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत सर्जरीचं ट्रेनिंग घेणारी आपली मराठी मुलंमुली हमखास विचारतात, ‘वर्षभर युगांडा नाहीतर मलावीत काम करायला गेलो, तर नंबर जाईल का?’ नाही जात. ‘आउट ऑफ प्रोग्राम’, म्हणजे ओओपी, मंजूर करून घेतलं की नॅशनल ट्रेनिंग नंबर, म्हणजे ट्रेनिंगमधली जागा, तुमचीच राहते. राजीनामा देऊन गेलात, तर मात्र पुन्हा रांगेत.

ओओपीचे प्रकार बरेच आहेत, आपल्या कामाचे दोनच. ओओपीई हा अनुभवासाठी. तो काळ ट्रेनिंगमध्ये मोजत नाहीत, म्हणून सीसीटीची, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्राची, तारीख तेवढी पुढे जाते. ओओपीटी हा ट्रेनिंगसाठी. त्यातला काळ मोजला जातो, पण त्याला जीएमसीची, म्हणजे ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलची, मंजुरी निघण्याआधी लागते. परत आल्यावर मागून उपयोग नाही. दोन्ही साधारण एका वर्षाचे, डीनची (विभागातल्या ट्रेनिंगच्या प्रमुखांची) संमती असेल तर दोन. स्वयंसेवेसाठी मी ओओपीईच सुचवतो. मंजुरीच्या कागदांत निम्मा उत्साह संपत नाही.

प्रोग्राममध्ये निदान एक वर्ष झालेलं असावं आणि एआरसीपी, म्हणजे ट्रेनिंगचा वार्षिक आढावा, स्वच्छ असावी. नोटीस कमीत कमी तीन महिन्यांची. बऱ्याच डीनरी (डीनची कार्यालयं) सहा मागतात. तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र यायलाच इतका वेळ जातो की वर्षभर आधी सुरुवात केलेली बरी.

फॉर्मवर एज्युकेशनल सुपरवायझर आणि ट्रेनिंग प्रोग्राम डायरेक्टर यांची संमती, सोबत यजमान हॉस्पिटलचं पत्र. पत्रात तिथल्या सुपरवायझरचं नाव हवंच. पण अर्ज अडतो तो ‘काय शिकणार’ या रकान्यात. तिथे ‘गरजूंची सेवा’ लिहून भागत नाही.

जिल्हा हॉस्पिटलची पारख ज्या तीन ऑपरेशनांवरून करतात ती म्हणजे लॅपरोटॉमी (पोट उघडून करायचं ऑपरेशन), सिझेरियन आणि उघड्या फ्रॅक्चरवरचे उपचार. यातलं सिझेरियन ब्रिटनमधला जनरल सर्जरीचा ट्रेनी करतच नाही. बाकीचंही आफ्रिकेत वेगळं असतं. सीटी नाही, म्हणून पोटावर हात ठेवूनच ठरवायचं, उघडायचं की रात्रभर थांबायचं. स्टेपलर नाही, म्हणून आतड्याचा जोड हातानं, टाक्याला टाका लावत. मध्येच वीज गेली की नर्स मोबाइलचा टॉर्च धरते आणि तुमचा टाका तसाच चालू राहतो. हे शिक्षणच आहे, फक्त ते अभ्यासक्रमाच्या भाषेत मांडा: कोणतं कौशल्य, कोणाच्या नजरेखाली, किती पीबीए (ऑपरेशन बघून केलेली मूल्यमापनं). माझा एक मित्र भरगच्च लॉगबुक घेऊन परतला, पण त्यातल्या केसेसवर तिथल्या सुपरवायझरचं व्हॅलिडेशन, म्हणजे शिक्कामोर्तब, राहिलेलं. तो सुपरवायझर तोवर दुसऱ्या देशात गेला होता. त्या केसेस कुणाला दाखवणार?

तिथल्या ट्रेनींचाही विचार अर्जात दिसू द्या. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सर्जनांचं कॉलेज, कोसेक्सा, 1999 पासून आहे. त्यांचे ट्रेनीही त्याच टेबलापाशी उभे असतात. त्यांच्या वाटणीच्या केसेस उचलायला जाऊ नका, आणि इथे एकट्यानं करणार नाही ते तिथेही करू नका.

जीएमसीचं लायसन्स चालू ठेवा आणि तिकडच्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन काढा. एनएचएसचं इन्डेम्निटी कव्हर, म्हणजे चुकीच्या दाव्यांपासूनचं संरक्षण, परदेशातल्या कामाला लागू नसतं, तेव्हा डॉक्टरांना असं संरक्षण देणाऱ्या स्वतःच्या डिफेन्स संस्थेकडून ते लेखी घ्या. एचआयव्हीसाठीची पीईपी, म्हणजे संसर्ग टाळायची औषधं, सुईटोचणीनंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागते. तिथे ती मिळते का ते आधी विचारा, नाहीतर बॅगेत न्या.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी इथे जरा थांबावं. स्पॉन्सर्ड व्हिसावर वर्षात चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली, तर काही अपवाद सोडून स्पॉन्सरशिप जाऊ शकते. आयएलआरसाठी, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायच्या परवानगीसाठी, कुठल्याही 12 महिन्यांत देशाबाहेर राहायला 180 दिवसांची मर्यादा असते, तीही बघा. डीननी हो म्हटलं म्हणजे व्हिसा बघणाऱ्या होम ऑफिसनं हो म्हटलं असं नाही. हॉस्पिटलच्या मेडिकल स्टाफिंग विभागाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय तिकीट काढू नका.

बाहेर असतानाही दर वर्षी ओओपीचा अहवाल द्यावा लागतो. ओओपीईवर असाल तर एआरसीपीत ‘आउटकम 8’ मिळतो. आणि युगांडाहून थेट मुंबईला घरी यायचा बेत असेल, तर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हाताशी ठेवा. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर विमानतळावरून आईच्या जेवणाऐवजी सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन.