चिपमधला कोड लॉक करण्याआधी
(आमच्याकडून कंट्रोलर बोर्ड बनवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"बोर्डची कॉपी होणार नाही ना?" ऑर्डर देताना हा प्रश्न बहुतेक जण विचारतात, आणि तो रास्तच आहे. पीसीबीची (छापील सर्किट बोर्डाची) नक्कल करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. बोर्ड स्कॅन करून ट्रॅक काढून देणारे भेटतात, रिले-रेझिस्टर पुण्यात तापकीर गल्लीत मिळतात. नक्कल करणाऱ्याचे घोडे अडते ते मायक्रोकंट्रोलरपाशी, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मुख्य चिपपाशी. कोरी चिप विकत मिळते, तिच्यातला कोड मिळत नाही. मग तो तुमच्याच चालू बोर्डावरून वाचून घ्यायचा प्रयत्न होतो. त्याला एक प्रोग्रामर (चिप वाचण्या-लिहिण्याचे यंत्र) आणि चार-पाच वायरी पुरतात. चिप उघडी (लॉक नसलेली) असेल तर मागवलेला चहा यायच्या आत सगळा कोड हेक्स फाइल (चिपमध्ये जशीच्या तशी टाकता येणारी फाइल) होऊन लॅपटॉपवर उतरतो. सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) त्याच्या हाती लागत नाही, पण त्याला तो हवा असतोच कुठे? हेक्स दुसऱ्या चिपमध्ये टाकली की त्याचे काम झाले.

हे वाचणे बंद करण्याची सोय बहुतेक चिपमध्ये असते. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये त्यासाठी लॉक बिट असतात. (फ्यूज बिट वेगळे, ते क्लॉक वगैरे ठरवतात आणि लॉकच्या आधी लिहावे लागतात.) लॉक लागल्यावर फ्लॅश (चिपमधली कोडाची मेमरी) वाचायला गेलात तर कोडाऐवजी बहुधा ००, ०१, ०२ असे ओळीने चढते आकडे येतात. लॉक काढायचा एकच मार्ग: चिप इरेज. त्यात आधी फ्लॅश पूर्ण पुसली जाते आणि मगच लॉक सुटतो. लॉकनंतर कोड पडताळताही येत नाही, म्हणून आम्ही आधी व्हेरिफाय करतो आणि लॉक सर्वांत शेवटी मारतो.

एसटीएम३२ एफ४ या मायक्रोकंट्रोलर मालिकेत लॉकच्या तीन पातळ्या आहेत आणि त्या एका ऑप्शन बाइटवर (चिपमधल्या सेटिंगच्या एका खान्यावर) ठरतात. तिथे 'एए' असेल तर चिप उघडी, पातळी शून्य. 'सीसी' लिहिले की पातळी दोन. या दोन्हींखेरीज काहीही असले तरी पातळी एक. पातळी एकमध्ये डीबगरने (चिप आतून तपासायच्या यंत्राने) फ्लॅश वाचता येत नाही. शून्यावर परत आणले तर चिप स्वतःच सगळी फ्लॅश पुसून टाकते. पातळी दोन मात्र परतीची वाट नसलेली आहे. डीबग पोर्ट कायमचा बंद होतो. साइटवरून बिघडून आलेला बोर्ड आम्हालाही आतून तपासता येत नाही, आणि कोडात दुरुस्ती करायची तर आधीपासून बूटलोडर (नवा कोड चिपमध्ये उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) टाकलेला असावा लागतो. नसेल तर चिप बदलायची. "सगळ्यात कडक तेच लावा" असे सांगणारे ग्राहक बरेच असतात. आमचे मत विचाराल तर पंप स्टार्टर, चार्जर, टायमर अशा मालाला पातळी एक पुरे.

वजनकाटे आणि मीटर बनवणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. कॅलिब्रेशनचे (मोजमाप अचूक जुळवण्याचे) आकडे त्याच फ्लॅशमध्ये ठेवले असतील तर लॉक काढताना तेही पुसले जातात. नवीन कोड टाकला, काटा सुरू झाला, पण वजन चुकीचे दाखवतोय, अशी तक्रार यातून येते. अशा मालात आम्ही हे आकडे वेगळ्या ईईप्रॉममध्ये (स्वतंत्र मेमरी चिपमध्ये) ठेवतो. खर्च थोडा वाढतो.

वायफायवाल्या मालाचे गणित वेगळे. ईएसपी३२ या वायफाय चिपच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये कोड मुख्य चिपमध्ये नसतो, तर पत्र्याच्या टोपीखालच्या स्वतंत्र फ्लॅश चिपमध्ये असतो. टोपी काढली की ती थेट वाचता येते. इथे उपाय म्हणजे फ्लॅश एन्क्रिप्शन: कोड एईएस पद्धतीने कूटबद्ध होतो आणि किल्ली मुख्य चिपच्या ई-फ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांमध्ये) राहते. ई-फ्यूज एकदा जळले की जळले, म्हणून हे काम फायनल सॅम्पल पास झाल्यावरच. आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरचाही कोड बाहेरच्या फ्लॅशमध्ये असतो आणि त्याला अशी सोयच नाही. चिप स्वस्त आणि छान आहे, पण कॉपीची भीती असलेल्या मालात आम्ही ती सुचवत नाही.

लॉक तुटतच नाही, असे लेखी आम्ही देणार नाही. दुसऱ्या कुणी दिले तर सावध राहा. एसटीएम३२ एफ१ मालिकेतल्या वाचनबंदीला बगल देऊन बराचसा कोड साध्या डीबगरने काढता येतो, हे २०२० मध्ये संशोधकांनी जाहीर केले. म्हणून नव्या डिझाइनमध्ये आम्ही त्या मालिकेतली एफ१०३ घेत नाही. चिपच्या वीजपुरवठ्याला नेमक्या क्षणी झटका देऊन लॉक चुकवण्याचे प्रकारही आहेत. त्याला हत्यारे, वेळ आणि जाणकार माणूस लागतो; दोनशे रुपये वाचवायला नक्कल करणारा सहसा त्या वाटेला जात नाही.

त्याच्यासाठी सोपी वाट दुसरीच असते. हेक्स फाइल व्हॉट्सॲपवर असेंब्लीवाल्याकडे जाते, तिथून त्याच्या ऑपरेटरकडे, आणि मग ती कुठे फिरते कुणालाच कळत नाही. चिपला कितीही कडक लॉक लावा, फाइल बाहेर असेल तर उपयोग शून्य. म्हणून चिप आमच्याकडेच प्रोग्रॅम करून दिल्या जातात. तुमच्या असेंब्लीवाल्यालाच प्रोग्रॅम करायचे असेल, तर आमचा बूटलोडर टाकलेल्या, लॉक केलेल्या चिप आणि सोबत कूटबद्ध फाइल देतो. ती फाइल बाजारातल्या कोऱ्या चिपमध्ये टाकून चालत नाही.

सोर्स कोड कोणाचा, हेही आधी ठरवा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार प्रोग्रॅमला संरक्षण आहे. पण काम बाहेरून करवून घेतले असेल तर केवळ पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही, तसे लेखी असावे लागते. आमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर ती ओळ आहे. वाचून मगच सही करा.

ऑर्डरसोबत लॉकची पातळी लिहून द्यावी. पातळी दोन किंवा ई-फ्यूजसाठी मालकांची सही लागते, फोनवरचा होकार चालत नाही. आधी घेतलेल्या मालाला लॉक आहे का, ही शंका असेल तर एक बोर्ड भोसरीच्या युनिटवर घेऊन या, तुमच्यासमोर वाचून दाखवू. त्याचे पैसे घेत नाही. गुरुवारी सुट्टी असते.