काच आणि फोटो यांच्या मधली हवा

आजीचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे आमच्याकडे, गावच्या घराच्या ओटीवर बसलेली, नऊवारी, आणि चेहऱ्यावर ते तिचं अर्धवट हसू. आईच्या वाढदिवसाला त्याचं पेंडंट करायचं ठरवलं. फोटो स्कॅन केला, स्टुडिओतून छान ग्लॉसी पेपरवर छोट्या साइझची प्रिंट काढून आणली, पुण्यात बोहरी आळीत काचेचे घुमटासारखे गोल तुकडे मिळतात ते आणले, पांढरा गोंद लावून काच फोटोवर दाबली, आणि पहिले दोन दिवस तो गोंद मध्ये दुधासारखा दिसतच राहिला, तिसऱ्या दिवशी कडेने साफ झाला आणि चौथ्या दिवशी बघते तर आजीच्या कपाळावर चांदीचा वर्ख लावल्यासारखा चकाकता डाग. दाबून बघितलं, उन्हात ठेवून बघितलं, डाग हलेना, उलट कडेकडे फाटे फुटत वाढला.

तो डाग म्हणजे हवा होती. बाकी काही नाही, केसापेक्षा पातळ हवेचा थर. तेवढ्याशा हवेने आजीचं कपाळ कसं काय गायब केलं हे शोधत गेले तेव्हा कळलं की या सगळ्या उद्योगात गोंदाचं मुख्य काम चिकटवणं नाहीच आहे. ते तर तो करतोच, पण त्याचं खरं काम म्हणजे काच आणि फोटो यांच्यामधून हवेला हाकलणं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की कुठला गोंद घ्यायचा, कुठला कागद, कसं दाबायचं, सगळं आपोआप सुचायला लागतं.

आधी त्या काचेबद्दल थोडं. तिला कॅबोशॉन म्हणतात, शब्द फ्रेंच आहे, मूळ अर्थ डोकं. खाली सपाट, वर घुमट, पैलू नाहीत. अंगठीतलं पोवळं किंवा लसण्या बघितला असेल ना, तोच आकार. काचेचा केला की तो चक्क एक भिंग होतो, एका बाजूने सपाट असलेलं. मध्ययुगात युरोपात लोक असेच स्फटिकाचे नाहीतर काचेचे घुमट पोथीच्या पानावर ठेवून अक्षरं मोठी करून वाचायचे, चष्मे यायच्या आधी. पण आपल्या पेंडंटमध्ये फोटो फार मोठा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. २५ मिलिमीटर व्यासाची आणि मध्यभागी ६ मिलिमीटर उंच अशी काच घेतली तर गणित केल्यावर फोटो जेमतेम १५ टक्के मोठा दिसतो. पूर्ण अर्धगोल घेतला तर दीडपट. म्हणून फोटोत चेहरा आधीच मोठा घ्यायचा, आणि महत्त्वाचं काही, डोळे वगैरे, अगदी कडेला येऊ द्यायचं नाही कारण तिथे काचेचा उतार जास्त असल्याने आकार ओढल्यासारखा होतो.

आता एक प्रयोग करा, दोन मिनिटांचा आहे आणि मला तर तो बघून फार आनंद झाला होता. कॅबोशॉन कोरडाच एखाद्या चकचकीत छापलेल्या कागदावर ठेवा. वरून बघितलं की चित्र दिसतं, जरा फिकट, पण दिसतं. मग डोकं हळूहळू खाली आणत बाजूने बघा. एका कोनानंतर चित्र एकदम नाहीसं होतं आणि काचेचा तळ आरशासारखा चांदीचा होतो. आता काच उचला, खाली पाण्याचा एक थेंब टाका, परत ठेवा आणि तशाच बाजूच्या कोनातून बघा. चित्र परत! आणि रंग असे गडद की जणू आत्ताच छापलंय.

हे होतं अपवर्तनांकामुळे. शाळेत शिकलेला शब्द आहे, अर्थ एवढाच की त्या पदार्थात प्रकाश हवेपेक्षा किती पट हळू जातो. हवेचा १ धरा, पाण्याचा १.३३, साध्या काचेचा १.५२ च्या आसपास. प्रकाश काचेतून हवेत जाताना सरळ असेल तर ठीक, त्यातला ४ टक्के फक्त परत फिरतो, पण लंबापासून साधारण ४१-४२ अंशांपेक्षा जास्त तिरका आला तर तो बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. खिडकीच्या सपाट काचेत असा त्रास होत नाही कारण बाहेरून आलेला प्रकाश सपाट काचेत एवढा तिरका होऊच शकत नाही. घुमटाला मात्र उतरत्या बाजू असतात, प्रकाश बाजूने शिरतो आणि तळावर चांगला तिरका आपटतो. म्हणजे ज्या घुमटामुळे पेंडंट सुंदर दिसतं त्याच घुमटामुळे मधली हवा जास्त उघडी पडते. आजीच्या कपाळावरची चांदी ती हीच.

समोरून बघतानाही नुकसान असतंच. काचेच्या तळाशी ४ टक्के आणि फोटोच्या चकचकीत पृष्ठभागावर आणखी तेवढाच प्रकाश परत येतो, तो फोटोला न शिवता आलेला नुसता पांढरा उजेड असतो आणि काळ्या केसांवर येऊन बसतो, म्हणून केस राखाडी वाटतात. आता मधे वाळलेला पांढरा गोंद आहे असं धरा, त्याचा अपवर्तनांक १.४७ च्या जवळपास. काच १.५२, गोंद १.४७, फरकच उरला नाही, परतणारा प्रकाश दहा हजारात तीन भाग वगैरे. प्रकाशाच्या दृष्टीने काच, गोंद आणि फोटो एकच वस्तू होऊन जाते. मोबाईलच्या स्क्रीनमध्येही हेच करतात, वरची काच आणि डिस्प्ले यांच्यामध्ये पारदर्शक चिकट शीट असते, रिपेअरवाले तिला ओसीए म्हणतात, आणि काच बदलल्यावर बुडबुडे घालवायला त्यांच्याकडे दाब देणारं वेगळं मशीन असतं. झूलॉजी लॅबमध्ये पर्मनंट स्लाइड केली असेल त्यांनाही हे ओळखीचं वाटेल. तिथे एकेकाळी कॅनडा बाल्सम वापरायचे, एका झाडाचा राळेसारखा चीक, अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा.

आणि या कॅनडा बाल्समवरूनच फोटोच्या दागिन्यांची एक गोष्ट आहे. पॅरिसमध्ये रेने दाग्रों नावाचा फोटोग्राफर होता. त्याने १८५९ साली पेटंट घेतलं ते असं, की टाचणीच्या डोक्याएवढा फोटो काढायचा, एक छोटीशी काचेची कांडी घ्यायची जिचं एक टोक घुमटासारखं आणि दुसरं सपाट, आणि सपाट टोकाला तो फोटो कॅनडा बाल्समने चिकटवायचा. कांडीची लांबी अशी ठेवलेली की घुमट हाच भिंग आणि फोटो बरोबर फोकसवर. डोळ्याला लावली की आत अख्खं चित्र. अशा कांड्या अंगठ्यांत, लॉकेटांत, पेनांत बसवून प्रचंड विकल्या गेल्या, त्यांना स्टॅनहोप म्हणतात. म्हणजे आपण घरी ओट्यावर करतोय तेच, फक्त भिंग जास्त ताकदीचं. पुढे १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा हाच माणूस नोव्हेंबरमध्ये बलूनमधून शहराबाहेर गेला, सामान असलेलं दुसरं बलून शत्रूच्या हाती लागलं तरी त्याने हजारो निरोप बारीक फिल्मवर उतरवले आणि ते कबुतरांच्या शेपटीला बांधून पॅरिसमध्ये पाठवले गेले, तिथे ते पडद्यावर मोठे करून वाचायचे. छोट्या फोटोच्या दागिन्यातून आलेलं कसब एका वेढलेल्या शहराच्या टपालाला उपयोगी पडलं, मला हे वाचल्यापासून ते पेंडंट हातात घेताना दरवेळी आठवतं.

बरं, मग माझं कुठे चुकलं? पांढरा गोंद, ज्याला आपल्याकडे सरसकट फेव्हिकॉल म्हणतात, तो म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. दूध ज्या कारणाने पांढरं दिसतं त्याच कारणाने हाही, कण प्रकाश इकडेतिकडे विखुरतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून सलग थर होतो आणि तो पारदर्शक दिसतो. पण यात पाणी साधारण अर्धं असतं, ते जाणार कुठून? वर काच, तिच्यातून थेंबभरही जाणार नाही. खाली स्टुडिओची प्रिंट, तिच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो. राहिली फक्त कड. कडेचा गोंद आधी वाळला आणि त्याने वाट बंद केली, मधलं पाणी मग हळूहळू गेलं, आकारमान कमी झालं, आणि जागा भरायला कडेच्या फटीतून हवा आत ओढली गेली. ते फाटे फुटलेले दिसत होते ना, ती हवेची वाट होती.

म्हणून आता मी पांढरा गोंद वापरायचा असेल तर साध्या जाडसर कागदावर लेझर प्रिंट काढते. लेझर प्रिंटची शाई म्हणजे उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली प्लास्टिकची पूड, पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची रंगीत शाई बऱ्याचदा पाण्यात विरघळणारी असते, गोंद लागला की ओठ गालावर पसरलेच समजा. आणि साधा कागद मागून श्वास घेतो, पाणी तिकडून निघून जातं. फोटो आधी गोल कापायचा नाही! कागद ओला होऊन फुगतो, मग मापाचा कापलेला तुकडा काचेला पुरत नाही किंवा बाहेर येतो. चौकोनी तुकडाच ठेवायचा, काच चिकटवायची, पूर्ण वाळल्यावर काचेच्या कडेने धारदार ब्लेडने कापायचं.

काच आधी पुसायची, बोटाचं तेल राहिलं की गोंद तिथे पसरत नाही, तेलकट ताटावर पाणी न पसरता थेंब-थेंब होऊन बसतं तसा तो त्या जागेवरून मागे सरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं. हँड सॅनिटायझर मात्र नको, त्यात हात मऊ राहावेत म्हणून बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि तेच काचेवर राहतं. गोंदाचा एकच थेंब, सपाट बाजूच्या बरोब्बर मध्ये. चार ठिकाणी चार थेंब टाकले की ते पसरून एकमेकांना भेटताना मधली हवा कोंडतात, एकच थेंब असेल तर तो मधून बाहेर पसरत जातो आणि हवेला कडेकडे ढकलत नेतो. काच जराशी तिरकी टेकवून हळू खाली आणायची, मग घुमटावर अंगठा ठेवून दाबत किंचित गोल फिरवायची. पहिल्या पाचेक मिनिटात खिडकीपाशी धरून तिरकं बघायचं, चांदी दिसली तर अजून काच सरकवता येते.

स्टुडिओची प्रिंटच वापरायची असेल तर ज्या गोंदातून काही उडून जायचंच नसतं तो हवा. एक म्हणजे दोन ट्यूबवाला इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर, दोघांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो, त्यामुळे आकुंचन खूप कमी. प्रमाण तंतोतंत घ्या आणि हळू ढवळा, फेटलात तर बुडबुडे तुम्हीच घातलेत. वर्षानुवर्षं उन्हात राहिला तर पिवळसर होतो. दुसरा यूव्ही रेझिन, नेल आर्टच्या दिव्याखाली एकदोन मिनिटांत कडक होतो, काचेच्या बाजूने उजेड द्यायचा. फार सोयीचा आहे पण कच्चा असताना कातडीला लागू देऊ नका, हातमोजे घालाच, याची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जात नाही.

साध्या कागदावर थेट इपॉक्सी मात्र लावू नका. वडापाव बांधलेल्या कागदाचं काय होतं आठवा, तेल मुरलं की कागद पारदर्शक होतो आणि मागचं दिसायला लागतं. कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधल्या हवेमुळे. तंतूंचा अपवर्तनांक १.५३ च्या आसपास, तेल किंवा इपॉक्सी त्या जवळपासचेच, हवेची जागा त्यांनी घेतली की विखुरणं थांबतं आणि पांढरेपणा गेला. म्हणजे काच आणि फोटो यांच्यामधली हवा घालवायची, पण कागदाच्या आतली जपायची! त्यासाठी मागच्या बाजूला पांढऱ्या गोंदाचे दोन पातळ हात देऊन वाळवायचे आणि मगच इपॉक्सीने धातूच्या साच्यात बसवायचं.

आणि इन्स्टंट ग्लू, पाच रुपयाची छोटी ट्यूब? काचेखाली तो नकोच. त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरट धुकं धरते, पोलीस याच वाफेने वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवतात. पण याच्या जन्माची गोष्ट इथे सांगायलाच हवी. अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांना १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे रसायन सापडलं आणि सगळ्याला चिकटतं म्हणून त्यांनी सोडून दिलं. १९५१ मध्ये त्यांच्या टीममधले फ्रेड जॉयनर त्याचाच अपवर्तनांक मोजायला गेले, रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन काचेच्या प्रिझममध्ये थेंब ठेवला, आणि ते महागडे प्रिझम परत कधी सुटलेच नाहीत. काच, थेंब, काच. तिथे कूव्हर यांना कळलं की हा गोंद आहे.

आजीचं दुसरं पेंडंट मी लेझर प्रिंटवर केलं, सेपियाकडे झुकणारं. जुलै होता, बाहेर संततधार, हवाच दमट मग कागदातलं पाणी उडणार कुठे, एरवी एक दिवस लागतो तिथे चार दिवस ते पालथं घालून फॅनखाली ठेवलं आणि उचलून बघायचा मोह आवरला. आईने हातात घेतलं, खिडकीकडे गेली, या बाजूने त्या बाजूने तिरकं करून बघत राहिली. कुठूनही बघितलं तरी कपाळ होतं, कुंकू होतं. मग तिने विचारलं, मामासाठी एक करशील का?