इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीच्या गुणपत्रिकेत का येत नाहीत?

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या काही घरांत दर वर्षी हाच प्रश्न पडतो. मुलीला इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला (ड्रॉइंग) परीक्षेत ‘अ’ श्रेणी आहे, मग त्याचे दहावीत मिळणारे ७ वाढीव गुण गेले कुठे? बहुतेक वेळा ते गेलेले नसतात, मागितलेलेच नसतात. ही परीक्षा घेतं कला संचालनालय आणि दहावीचा निकाल लावतं राज्य मंडळ. इकडचा निकाल तिकडे आपोआप पोहोचत नाही, मध्ये शाळेचा प्रस्ताव लागतो. दोन्ही कार्यालयं एकाच सरकारची असूनही हा कागद मुलांनी का वाहायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण आज तरी वाट हीच आहे.

गुण असे मिळतात: ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. ५०० पैकी ७ म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या यादीत दशांशावर कॉलेज बदलतं, तेव्हा ही रक्कम लहान नाही. एकूण टक्केवारी मात्र १००च्या वर जात नाही. सवलत राज्य मंडळाच्या दहावीसाठी आहे, सीबीएसई किंवा आयसीएसईच्या मुलांना ती लागू होत नाही.

एलिमेंटरीला, म्हणजे इंटरमिजिएटच्या खालच्या पायरीच्या रेखाकला परीक्षेला, यात काहीही गुण नाहीत. ‘ड्रॉइंगची परीक्षा दिली आहे’ एवढंच घरात लक्षात असतं आणि फायलीत हाताला लागेल ते प्रमाणपत्र झेरॉक्स करून दिलं जातं. त्यावर परीक्षेचं नाव वाचा. ‘इंटरमिजिएट’ लिहिलेलं नसेल, तर ते या कामाचं नाही.

खरी अडचण नावाची. दहावीच्या आवेदनपत्रात आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. आठवी-नववीत रेखाकला परीक्षेचा अर्ज भरताना नाव घाईत लिहिलं गेलेलं असतं. कुठे वडिलांचं नावच गळलेलं, कुठे ‘श्रृती’ची ‘श्रुती’ झालेली, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तुम्हाला ती एकच मुलगी दिसते, पण तपासणाऱ्याच्या टेबलावर दोन वेगळी नावं असतात. दुरुस्ती शाळेमार्फतच होते. मुख्याध्यापकांचं पत्र आणि जनरल रजिस्टरचा (शाळेतल्या विद्यार्थी-नोंदवहीचा) उतारा तयार ठेवा, आणि हे काम नववीच्या उन्हाळ्यातच सुरू करा. डिसेंबरात त्यासाठी धावपळ केली तर वेळ पुरत नाही. दहावीच्या अर्जांची प्री-लिस्ट (भरलेली माहिती तपासण्याची यादी) शाळेत येते, तेव्हा प्रमाणपत्र शेजारी धरून नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा.

शाळा बदललेल्यांचं दुखणं वेगळं. मुलगा आठवीत हडपसरच्या शाळेतून परीक्षेला बसला, दहावीला कोथरूडला आला, आणि प्रमाणपत्र जुन्या शाळेच्या चित्रकला शिक्षकांच्या कपाटात राहिलं. नवी शाळा ते मागवून घेईल असं धरून चालू नका, स्वतः जाऊन घेऊन या. प्रस्ताव पाठवते ती दहावीची शाळा. जुन्या शाळेचं नाव प्रमाणपत्रावर असणं गैर नाही, फक्त सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडा, म्हणजे प्रश्न उरत नाहीत. खासगी क्लासमार्फत बसलेल्या मुलांनी आपण नेमक्या कोणत्या शाळेच्या नावावर बसलो, हे क्लासला आजच विचारून ठेवावं. प्रमाणपत्र हरवलं असेल, तर परीक्षेचं वर्ष आणि बैठक क्रमांक घेऊन परीक्षेला बसवणाऱ्या शाळेतून दुय्यम प्रतीची मागणी करावी लागते. बैठक क्रमांकही आठवत नसेल, तर हे काम फारच लांबतं.

आता मुदत. मंडळाच्या परिपत्रकात छापलेली तारीख शाळेने प्रस्ताव विभागीय मंडळाकडे देण्याची असते. (पुणे विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे येतात.) पालक ती स्वतःची मुदत समजतात आणि त्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन शाळेच्या दारात उभे राहतात, तोवर यादीवर सही-शिक्का होऊन ती गेलेली असते. शाळेची तारीख त्याच्या बरीच आधी असते आणि ती फळ्यावर किंवा व्हॉट्सअॅपवर एका ओळीत येऊन जाते. दिवाळीची सुट्टी संपली की प्रत देऊन टाका. ‘मुदतवाढ मिळतेच’ हा भरवसा धरू नका. विद्यार्थ्याने थेट मंडळात जाऊनही उपयोग नाही, प्रस्ताव मुख्याध्यापकांकडूनच जावा लागतो.

म्हणूनच इंटरमिजिएट नववीतच द्यावी. परीक्षा वर्षातून एकदाच होते. दहावीत दिली, तर निकाल आणि प्रस्तावाची मुदत यांची शर्यत लागते, शिवाय ऐन अभ्यासात चार पेपर येतात: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. श्रेणी घसरते ती बहुधा शेवटच्या दोहोंत. संकल्पचित्रात रंगकाम अर्धवट राहतं, कारण आकार आखण्यातच निम्मा वेळ जातो. भूमितीत मुलं रचनेच्या रेषा खोडून टाकतात. त्या २एच पेन्सिलीने फिकट काढून तशाच ठेवायच्या असतात, आणि उत्तराची रेषा एचबीने ठळक करायची असते.

कागदपत्रं थोडकी: इंटरमिजिएट प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, आणि लागू असेल तिथे दाखला किंवा नावाबाबतचं पत्र. मूळ प्रत कुणालाही देऊन येऊ नका, दाखवा आणि परत घ्या. प्रत दिल्यावर शाळेकडून पोच घ्या आणि प्रस्ताव जाण्याआधी यादी पाहायला मागा. तिथे नाव, बैठक क्रमांक आणि श्रेणी या तीन रकान्यांवरून बोट फिरवूनच घरी या.