पाठमोऱ्यांची शर्यत

सिंगल स्कल ही एका माणसाची, दोन वल्ह्यांची बोट. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, रुंदी पाण्याच्या रेषेत फुटापेक्षाही कमी, वजन शर्यतीच्या नियमाप्रमाणे किमान १४ किलो. चालवणारा बसतो तो जायच्या दिशेकडे पाठ करून. आठ जणांच्या बोटीत दिशा सांभाळायला कॉक्स, म्हणजे न वल्हवणारा माणूस, असतो आणि सुकाणूही असते. इथे दोन्ही नाहीत. बुडाला मागच्या बाजूस तळहाताएवढा एक पंख असतो, तोही जागचा न हलणारा.

आपल्याकडे हा प्रकार अनेकांना ठाऊक झाला तो दत्तू भोकनळमुळे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये १३वा आला. ती शर्यत २००० मीटरची, शांत पाण्यावर बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेल्या सरळ लेनमधली. नदीवरच्या लांब शर्यतीत नेमकी ही सरळ रेषाच मिळत नाही, आणि तिथून सगळे गणित बदलते.

नदी अरुंद असली की बोटी शेजारीशेजारी सोडता येत नाहीत. म्हणून त्या एकामागून एक सोडायच्या आणि प्रत्येकीची वेळ मोजायची. या पद्धतीची थेम्सवरची मोठी शर्यत स्टीव्ह फेअरबर्न या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाने १९२६ मध्ये सुरू केली. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या चार्ल्स नदीवर १९६५ पासून ऑक्टोबरात ‘हेड ऑफ द चार्ल्स’ होते. अंतर ४.८ किलोमीटर, प्रवाहाच्या उलट दिशेने, वाटेत अर्धा डझन पूल आणि दोन अवघड वळणे. सिंगल स्कल साधारण १५ सेकंदांच्या अंतराने सुटतात. सुरुवात थांबलेल्या बोटीतून होत नाही. रेषेच्या आधीपासून वेग घेत यायचे, रेषा ओलांडली की घड्याळ चालू. अव्वल पुरुष खेळाडूंना १७-१८ मिनिटे लागतात. म्हणजे वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या थोडा वर. मिनिटाला ३० स्ट्रोक, म्हणजे वल्ह्यांच्या ओढी, धरल्या तर एका स्ट्रोकमध्ये सुमारे ९ मीटर आणि सगळ्या शर्यतीत ५३० च्या आसपास स्ट्रोक.

आता या बोटीला अडवते कोण? मुख्यतः पाण्याचे बोटीच्या अंगाशी होणारे घर्षण. लाटा उठवण्यात आणि हवेशी झगडण्यात जाणारा वाटा त्यामानाने लहान. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १ टक्का वाढवायचा तर शक्ती ३ टक्के जास्त लावावी लागते. उधळपट्टी करणाऱ्याला हा हिशेब महाग पडतो, असे प्रशिक्षक सांगतात. गंमत अशी की नुसत्या पाण्याच्या हिशेबाने तो फारसा महाग नाही. अर्धा वेळ १० टक्के जास्त आणि अर्धा वेळ १० टक्के कमी शक्ती लावली, तर साडेसतरा मिनिटांत नुकसान होते जेमतेम सव्वा सेकंदाचे. खरा दंड शरीर वसूल करते. इतक्या लांब शर्यतीत बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. पहिल्या दोन मिनिटांत त्या मर्यादेबाहेर जाऊन ओढले, तर स्नायूंत साठलेली आम्लता पुढच्या पंधरा मिनिटांत धड उतरत नाही. मग स्ट्रोक आखूड होतात, आणि माणूस सीटवर घाईने सरकू लागतो.

ही घाई दिसते त्याहून वाईट. ८०-८५ किलोचा माणूस १४ किलोच्या बोटीत चाकांच्या सीटवर पुढेमागे सरकतो, तेव्हा बोटही त्याच्या उलट दिशेने ढकलली जाते. वल्ही पाण्याबाहेर असताना तो बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकत असतो, म्हणून बोट त्याच वेळी सर्वांत वेगात धावते, आणि वल्ह्यांची पाती पुन्हा पाण्यात पडतात त्या सुमारास सर्वांत मंद होते. घनाचा नियम इथेही लागू. वेगाची ही चढउतार जितकी मोठी, तितकी शक्ती वाया. दमलेला खेळाडू धाडकन सरकून पाय टेकवायच्या पायपट्टीवर आदळतो, तेव्हा तो स्वतःच्याच बोटीला ब्रेक लावतो.

पण चार्ल्सवर सेकंद सर्वांत जास्त सांडतात ते रेषा चुकल्याने. वीक्स पुलाशी नदी जवळजवळ काटकोनात डावीकडे वळते. तिथे आदर्श वाटेपेक्षा १० मीटर बाहेरून गेलात, तर सुमारे १६ मीटर जास्त जावे लागते, म्हणजे साडेतीन सेकंद. तेवढे सेकंद ताकदीने भरून काढायचे तर सबंध शर्यतभर १ टक्का जास्त शक्ती लावावी लागेल. मुरलेल्या खेळाडूला तेवढी वाढ मिळवताना कित्येकदा अख्खा हंगाम जातो. वळण नीट घेणे त्या मानाने फुकट आहे.

बोट डावीकडे वळवायची तर उजव्या बाजूचे वल्हे जास्त ओढायचे. चालवणारा पाठमोरा असल्याने ते त्याच्या डाव्या हातात असते. नवख्यांचा इथेच घोटाळा होतो, आणि तोही पुलाच्या खांबासमोर. डाव्या हाताची पोच काही सेंटिमीटर वाढवायची, त्या पायावर थोडा जास्त जोर द्यायचा, उजवा हात हलका ठेवायचा, पण त्याचे वल्हे थांबवायचे नाही. वळण आधीपासून सुरू करून दहापंधरा स्ट्रोकमध्ये वाटून टाकायचे. चारच स्ट्रोकमध्ये हिसका दिला तर बोट आडवी घसरते, पंख पाण्याला अडतो आणि वेग जातो. शिवाय नदीत बोयांची रांग असते. तिच्या चुकीच्या बाजूने गेलात तर दंडाचे सेकंद वेळेत जमा होतात.

सरळ पट्ट्यात खूण मागे धरतात. बोटीचे मागचे टोक डोळ्यांसमोर असते. ते दूरच्या एखाद्या झाडावर किंवा मनोऱ्यावर रोखायचे आणि तिथेच ठेवायचे. तरीही दर पाचसहा स्ट्रोकला मागे वळून पाहावेच लागते, म्हणजे शर्यतीत सुमारे शंभर वेळा. पाती पाण्यात घट्ट असतात तो क्षण त्यासाठी बरा, कारण ही बोट वल्ह्यांशिवाय उभी राहूच शकत नाही. डोंबाऱ्याच्या हातातल्या काठीसारखी वल्हीच तिला तोलतात. मान वळवायची, खांदा नाही. खांदा वळला की एक मूठ खाली जाते, बोट कलते आणि दुसऱ्या बाजूचे पाते पाणी घासते. ते पाते तिरके होऊन खोल शिरले तर मूठ पोटात बसते आणि क्वचित माणूसच पाण्यात जातो. टोपीला लहान आरसा लावणारेही बरेच असतात. आरशाने पूल दिसतो. पण अगदी पुढ्यातली बोया टोपीच्या कोनातून निसटू शकते.

आतून काढलेली वाट नेहमीच फायद्याची, असेही नाही. पाणी साधारण दोन मीटर खोल असले की उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग आणि बोटीचा वेग सारखाच होतो. अशा ठिकाणी लाटा उठवण्यात जास्त शक्ती जाते आणि बोट जड लागते. वाहत्या नदीत तर नियमच फिरतो. लंडनला स्कलर्स हेड ही ६.८ किलोमीटरची शर्यत मॉर्टलेकहून पटनीकडे ओहोटीच्या पाण्याबरोबर जाते. तिथे वेगवान धार खोल पाण्यात असते, म्हणून वाट लांब पडली तरी खेळाडू धारेत राहतात. चार्ल्सच्या तोंडाशी १९१० मध्ये धरण झाल्यापासून हा भाग बराचसा संथ आहे. त्यामुळे इथे भूमिती जिंकते.

ओलांडण्याचा नियमही पाठमोरेपणातून आलेला वाटतो. मागून वेगात येणाऱ्याला पुढची बोट दिसत नाही. पुढच्याला मात्र मागची बोट सतत समोर दिसते. म्हणून वाट द्यायची ती पुढच्याने, आणि तीही मागच्याने मागितलेल्या बाजूला. न दिल्यास दंड. एका वेळी दोघांची वल्ही पुलाच्या कमानीत शिरली तर मात्र नियमाचा फार उपयोग होत नाही. प्रत्येक बोटीला वल्ह्यांसकट साडेपाच-सहा मीटर जागा लागते.

पाण्यात उतरण्यापूर्वी रिगरच्या, म्हणजे वल्ही अडकवायच्या बाहेर आलेल्या सांगाड्याच्या, सगळ्या नटांवर १० नंबरचा पाना एकदा फिरवायचा. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ४ सेंटिमीटरचा मऊ चेंडू घट्ट आहे ना, आणि बुटांच्या टाचांच्या दोऱ्या आखूड आहेत ना, हे बघायचे. बोट उलटली तर त्याच दोऱ्यांमुळे पाय आपोआप बुटातून सुटतात. समोरून वारा असेल तर वल्ह्यांच्या कॉलरवर (वल्हे रिगरला टेकते तिथल्या कड्यावर) प्लॅस्टिकची कडी चढवून मुठीकडची बाजू १ सेंटिमीटरने वाढवतात. तरफेचे गणित हलके होते आणि पाचशे स्ट्रोकनंतरही पाठ साथ देते.

शेवटचे मोठे वळण एलियट पुलाशी, पुन्हा डावीकडे. पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर समाप्तीची रेषा. पण पाठमोऱ्या माणसाला ती पार केल्यावरच दिसते. तिथेही थांबायचे नाही, मागून येणाऱ्यांसाठी हळूहळू वल्हवत पुढे सरकायचे. क्रमांक नंतर कळतो, सगळ्यांच्या वेळा आणि दंडाचे सेकंद एकत्र मांडल्यावर.