फायटिंग गेमचा स्पर्धक खेळाडू (सांगली-सातारा परिसर)

पडद्यावर समोरासमोर ठाकलेले दोघे, प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी, आणि ज्याची पट्टी आधी संपेल तो हरला. फायटिंग गेम म्हणतात तो व्हिडिओ गेमचा प्रकार एवढाच. असा गेम स्पर्धांमध्ये उतरून खेळणारा आणि त्यावर नाव, जमल्यास पोटही, उभे करू पाहणारा तो या प्रकारचा स्पर्धक खेळाडू. त्याच्या पाठीशी संघ नसतो, राखीव गडी नसतो, हरल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नसते. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आणि कुंडलचे कुस्ती मैदान ज्या पट्ट्यात आहे, तिथल्या माणसाला हा खेळ समजावताना कुस्तीचा आधार घेणे सोयीचे तर आहेच, पण ते नेमकेही आहे.

या प्रकाराची घडी बसवली ती जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने, १९९१ मध्ये. पुढच्या वर्षी अमेरिकेतून ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला आणि १९९४ मध्ये नामकोचा ‘टेकेन’. आपल्याकडे हे खेळ आधी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पोहोचले. अंधारी खोली, लाकडी पेटीतला पडदा, घामाने गुळगुळीत झालेली काठी (जॉयस्टिक) आणि हातात मोजकी नाणी. ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हा त्या पार्लरांचा राजा होता. जिंकेल तो बसून राहणार, हरेल तो उठणार, आणि पुढचा नाणे घेऊन तयार. पुढे प्लेस्टेशनवरचा ‘टेकेन ३’ तासाच्या भाड्याने मिळू लागला. भारनियमनाच्या वर्षांत तर वीज कधी जाणार हे पाठ असल्याशिवाय कुणी शेवटचे नाणे टाकत नसे. या पार्लरांना घरची मंडळी नावे ठेवत, पण मोठ्या मुलाशी हरून परत रांगेत उभे राहायची शिस्त अनेकांना तिथेच लागली.

बाहेरून हा बटणे बडवण्याचा खेळ वाटतो. आतून तो अंदाजाचा आहे. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि खेळाडू सारा हिशेब फ्रेममध्ये करतात. ‘टेकेन’मधला सर्वात जलद ठोसा साधारण १० फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. थोडक्यात, तो ठोसा बघून अडवता येतच नाही. समोरचा आता काय करणार हे आधी ओळखावे लागते. म्हणून चांगल्या लढतीत बराच वेळ दोघे नुसते पुढे-मागे होताना दिसतात: अर्धे पाऊल आत, अर्धे बाहेर, एखादी लाथ हवेत. नवख्याला वाटते, हे खेळत का नाहीत? कुस्ती पाहिलेला माणूस मात्र लगेच म्हणेल, ही खडाखडी चालली आहे. समोरच्याचा वार हवेत गेला की त्या क्षणी आत शिरायचे, हे इथले मूळ तंत्र. पट काढणाऱ्या पैलवानाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

‘स्ट्रीट फायटर’मधला झांगिफ हा रशियन पैलवान. त्याची मुख्य पकड मारायची तर काठी पूर्ण गोल फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. अडचण अशी, की गोल फिरवताना काठी वरच्या दिशेला जाते, आणि वर म्हणजे उडी. पकडीऐवजी झांगिफ हवेत उडतो आणि खाली येताना मार खातो. शिकाऊ खेळाडू इथे आठवडेच्या आठवडे अडकतो. उपाय असा, की आधी एखादा हलका ठोसा टाकायचा आणि तो हात अजून बाहेर असतानाच काठी फिरवून घ्यायची. त्या वेळात पात्राला उडी मारताच येत नाही. ठोसा संपतो, बटण दाबले जाते आणि समोरचा उचलला जातो. डाव झाकण्यासाठी आधी दुसरा डाव दाखवायचा. तालमीतले वस्ताद हेच शिकवतात, फक्त तिथे मनगटाऐवजी कंबर लागते.

इतके सगळे एकट्याने, यंत्रासमोर बसून शिकता येते. त्यापुढचे येत नाही, आणि या कारकिर्दीचे खरे मर्म तिथे आहे. यंत्र ठरल्यासारखे खेळते, तर माणूस घाबरतो, चिडतो, एकाच चुकीला दोनदा फसतो आणि तिसऱ्यांदा फसवतो. हे वाचायला तोलाचा माणूस रोज समोर लागतो. पैलवान त्याला जोड म्हणतात. सांगली-साताऱ्यातल्या होतकरू खेळाडूला सर्वात जास्त टंचाई याच जोडीची आहे. बहुतेक मुलांच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर चालते ते बंदुकीच्या खेळांचे राज्य. फायटिंग गेमला कन्सोल (प्लेस्टेशनसारखे खेळाचे यंत्र) किंवा बरा संगणक लागतो. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तोच ४९,९९० रुपयांना. गावात असे यंत्र दोघा-चौघांकडे, आणि त्यातला हा खेळ खेळणारा एखादाच.

इंटरनेटने ही उणीव थोडी भरली. ‘स्ट्रीट फायटर ६’ (२०२३) आणि ‘टेकेन ८’ (२०२४) या दोन्हींत रोलबॅक नावाची पद्धत आहे: दूरच्या खेळाडूची आज्ञा पोहोचेपर्यंत यंत्र तिचा अंदाज बांधून खेळ पुढे नेते आणि अंदाज चुकला तर क्षणार्धात मागे जाऊन दुरुस्त करते. त्यामुळे मिरजेतला मुलगा बंगळूरच्या मुलाशी बऱ्यापैकी लढू शकतो. तरी अंतर फार वाढले की चित्र उड्या मारू लागते, आणि शेजारी बसलेल्याचा श्वास जड झालेला ऐकू येतो तसा इंटरनेटवर येत नाही.

जोड असली की काय होते, याचा दाखला लाहोरने दिला. २०१९ मध्ये अर्सलान ऍश हा तिथला खेळाडू व्हिसा आणि प्रवासाच्या खटपटी पार करून जपानला गेला आणि इव्हो या मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेच्या जपानी आवृत्तीत, इव्हो जपानमध्ये, ‘टेकेन ७’चे विजेतेपद घेऊन आला. त्याच वर्षी लास वेगासची मुख्य इव्होही त्याने जिंकली, अंतिम फेरीत कोरियाच्या ‘नी’ या नावाजलेल्या खेळाडूला हरवून. तेव्हा जग चकित झाले. अर्सलान मात्र सांगत होता, की माझ्या शहरात माझ्या बरोबरीचे बरेच आहेत. ‘नी’ स्वतः पाकिस्तानात जाऊन खेळला आणि तिथल्या पोरांकडून हरलाही. पुढे आतिफ बट याने टेकेन वर्ल्ड टूर २०२२ ची अंतिम स्पर्धा जिंकली. वर्षानुवर्षे एकाच खोलीत एकमेकांना हरवत मोठी झालेली ती मंडळी होती. तालीमच ती.

इव्हो ही या खेळाची मोठी जत्रा. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात छोट्या स्वरूपात सुरू झाली आणि २००२ पासून या नावाने भरते. फी भरून कुणालाही उतरता येते. पहिला पराभव झाला की खेळाडू बाहेर पडत नाही, पराभूतांच्या गटात जातो. तिथेही हरला तरच संपले. ‘स्ट्रीट फायटर’च्या कॅपकॉम कप या स्पर्धेच्या विजेत्याला अलीकडे १० लाख डॉलर मिळाले आहेत, पण त्या आकड्याकडे पाहून कुणी कारकीर्द आखू नये. बहुतेकांचे उत्पन्न स्ट्रीमिंग, प्रायोजक आणि शिकवणी यांतून येते, आणि भारतात तेही तुटपुंजे आहे.

सरकारी मान्यता हळूहळू येत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेचे व्हिडिओ गेम, क्रीडा मंत्रालयाकडे दिले. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळे ठेवले. आपल्या भागात हा फरक फार मोलाचा आहे, कारण घरात ‘गेम’ म्हटले की रमीत बुडालेला कुणी नातेवाईक आठवतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (२०२३ मध्ये झालेल्या) ‘स्ट्रीट फायटर ५’ पदकासाठी होता. भारताकडून मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने नेले, वयाच्या ४४ व्या वर्षी. बारावीनंतर हे वय निघून जाईल अशी धास्ती असलेल्या मुलांनी हा आकडा लक्षात ठेवावा: आधी शिक्षण पुरे करायला या खेळात वेळ आहे. मनगट आणि अंगठा मात्र जपावा लागतो. दुखत असताना खेळत राहणे हीच अनेकांची मोठी चूक ठरते.

स्पर्धा बहुतेक मोठ्या शहरांत होतात. साताऱ्याहून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. परदेशी जायचे तर तिकीट, व्हिसा, राहणे, सारे पदरचे. १९५२ च्या हेलसिंकीसाठी खाशाबांना लोकांनी वर्गणी काढून पाठवले होते. या खेळाडूसाठी गाव अजून वर्गणी काढत नाही. तोवर तो शनिवारी रात्री काठी टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घालतो, आणि पुण्यात ज्याच्या घरी उतरायचे आहे त्याला फोन करून एवढेच विचारतो, की उद्या सकाळी स्पर्धेआधी दोन तास बसशील ना समोर?